गोजराबाई भिंतीतून गेली

एकोणऐंशी साली वाशीला राहायला आलो तेव्हा मला दोन गोष्टींची धास्ती होती. एक म्हणजे इथे दिवेलागणीनंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि दुसरी म्हणजे इथे धड मासळी मिळणार नाही. पहिली धास्ती खरी निघाली. दुसरी गोजराबाईने पहिल्याच आठवड्यात मोडीत काढली.

गोजराबाई कोपरखैरण्याची. काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर पाटी, आणि चालणं असं की बघणाऱ्याला वाटावं कुठेतरी आग लागलीय. सकाळी ती आमच्या सेक्टरच्या मार्केटबाहेर गावोगावच्या बायकांबरोबर ओळीत बसायची आणि उरलेली मासळी घेऊन दुपारच्या आत आमच्या बिल्डिंगी पालथ्या घालायची. गिऱ्हाइकाने काय घ्यायचं ते ती ठरवायची. माझ्या नवऱ्याला, दिलीपला, काटे काढता येत नाहीत हे तिने एकदा दारातूनच त्याला जेवताना पाहून ओळखलं. त्यानंतर मी कितीही वेळा काटेरी बोईटांवर बोट ठेवलं तरी ती "ती तुज्यासाटी नाय" म्हणून कोळंबी पुढे करायची. घासाघीस केली की पाटीवर फडकं टाकून उठायची आणि वरच्या मजल्यावर तीच कोळंबी, मला ऐकू येईल अशा आवाजात, स्वस्तात द्यायची. मला तिचा राग यायचा आणि ती आली नाही की करमायचंही नाही.

मार्केटबाहेरच्या त्या ओळीचा स्वतःचा कायदा होता. नळाजवळची पहिली जागा केशरबाईची, तिच्या शेजारची गोजराबाईची, मग बाकीच्या. कुणी आजारी पडली तरी तिच्या जागेवर दुसरी बसत नसे. तिथे नुसतं गोणपाट अंथरून ठेवत. केशरबाई ओळीतली सगळ्यात थोर, वयाने आणि आवाजानेही. तिची आणि गोजराबाईची शेतंसुद्धा गावात शेजारी होती, आणि शेजारी शेतं म्हटली की भांडण आलंच. केशरबाईचं म्हणणं, गोजराबाईचा नवरा दर पावसाळ्यात मधला बांध कोरतो आणि बोटबोट जमीन आपल्याकडे ओढतो. गोजराबाईचं म्हणणं, केशरबाईला दिसतं कमी आणि बोलता येतं जास्त. पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, भाताच्या खाचरांवर मुरूम पडला, बांध त्याखाली गाडला गेला, गोजराबाईचा नवराही देवाघरी गेला. भांडण तेवढं कुणी ताब्यात घेतलं नाही. ते ह्या दोघींनी पाटीत घालून मार्केटात आणलं. पण एकीची मासळी संपली की ती दुसरीच्या पाटीतली विकायला लागायची, हेही मी रोज बघत होते.

आता सिनेमाचं सांगते. दिलीप तुर्भ्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता, आणि रविवारी मुंबईला जाऊन फिल्म सोसायटीत सिनेमे बघायचा. ज्या सिनेमात काहीच घडत नाही तो त्याला जास्त आवडायचा. तिथे त्याला बंडू भेटला. बंडूचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं आणि पडद्यावरही तेच झळकायचं, पण आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा पानावर बसता बसता "मला घरी बंडू म्हणतात" असं म्हणाला आणि मग तो आमचाही बंडूच झाला. त्याला एक सिनेमा काढायचा होता आणि त्यासाठी एक नसलेलं शहर हवं होतं. दिलीपने त्याला आपलंच दाखवलं.

सिनेमाचं नाव 'भिंत आहे असं समजा'. एका कारकुनाला नव्या शहरात फ्लॅट मंजूर होतो. तो मुंबईतली खोली सोडून, सामान टेम्पोत घालून येतो, तर बिल्डिंगच नाही. नुसती सपाट जमीन आणि तिच्यावर फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेघा: ही बैठकीची खोली, हे स्वयंपाकघर, ही मोरी. माणूस सज्जन. तो म्हणतो, बिल्डिंग येईल तेव्हा येईल, आपण राहायला तर लागू. खाट टाकतो, कपाट लावतो, हवेत खिळा ठोकून कॅलेंडर टांगतो आणि ते खाली पडलं की भिंतीला ओल आली म्हणून तक्रार करतो. हळूहळू सगळं जग त्याच्यासारखं वागायला लागतं. पेपरवाला नसलेल्या दाराखालून पेपर सरकवतो. पाहुणे बाहेर उभे राहून तोंडाने टिंगटाँग करतात. शेवटी सोसायटीची मीटिंग भरते आणि नसलेल्या जिन्यातला दिवा कोण जाळतं ह्यावरून मारामारी होते.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात कोपरखैरण्याच्या मुरुमावर शूटिंग झालं. तिथे काय घडलं ते बंडूने माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला साभिनय सांगितलं होतं. त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की रेघेवर पाय द्यायचा नाही, दारातूनच यायचं. कॅमेरा चालू होता, नायक खाटेवर बसून चहा पीत होता, आणि एवढ्यात रिकामी पाटी डोक्यावर घेऊन गोजराबाई घराकडे निघालेली. ती सरळ भिंतीतून आत आली. बैठकीच्या खोलीच्या मधोमध पोचली, आणि तिथे, जिथे वळायला काहीही कारण नव्हतं, चांगली लांबलचक वळली, खाटेला वळसा घातला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतून निघून गेली. नट हुशार होता. तो म्हणाला, "मावशी, बेल तरी वाजवायची." ती न थांबता म्हणाली, "कंची बेल?"

बंडू वेडाच झाला. दुसऱ्या दिवशी त्याने गोजराबाईला गाठून, चहा पाजून, पुन्हा एकदा तसंच जायला सांगितलं. ती गेली. तशीच आली, तिथेच वळली, तसाच वळसा घातला. बंडू म्हणाला, मोठमोठ्या नट्यांना जमत नाही ते. गोजराबाईला त्यात काही विशेष वाटलं नसावं, कारण मला तिने शूटिंगचं एवढंच सांगितलं की त्या दाढीवाल्या पोराचा चहा पांचट होता.

सिनेमा चौऱ्याऐंशीत मुंबईच्या एका थेटरात मॅटिनीला लागला आणि लगेच उतरला. पण तेवढ्यात समीक्षकांनी एकमेकांच्या झिंज्या धरल्या. एका दैनिकात आलं की ही मासळीवाली म्हणजे या चित्रपटाचा आत्मा आहे. सगळं जग कल्पित भिंतींपुढे मान तुकवत असताना ती एकटी आरपार जाते, आणि खोलीच्या मध्यावर ती जे वळते तो मुक्त माणसाचा हेतुशून्य विहार आहे. दुसऱ्या दैनिकातला समीक्षक उसळून म्हणाला की कसला विहार. एक अडाणी खेडूत बाई चुकून कॅमेऱ्यापुढे आली, भिंत म्हणजे काय हे तिला कळलं नाही, वाट चुकली, गोंधळून वळली, आणि प्रेक्षक तिला हसले. दिग्दर्शकाकडे दुसरा विनोद नव्हता म्हणून त्याने तो ठेवला. मग पहिल्याने दुसऱ्याला उत्तर दिलं, दुसऱ्याने पहिल्याला, आणि वाचकांच्या पत्रांत तर धुळवड चालली.

आमच्या बिल्डिंगीत ती धुळवड जिन्यात उतरली. आमच्या खालच्या मजल्यावर श्यामसुंदर राहायचे. बँकेत होते, गणेश मंडळाचे अध्यक्ष होते, आणि सिनेमाला डोकं आणि शेपूट दोन्ही असलं पाहिजे अशा मताचे होते. दिलीपच्या सांगण्यावरून बिचारे बायकोमुलांना आणि डब्याला घेऊन मॅटिनीला गेले होते. परत आले ते लाल होऊन. म्हणाले, मी दर महिन्याला भिंतींचे हप्ते भरतोय आणि हा पोरगा मला सांगतो की भिंत ही समजण्यावर असते. दिलीप म्हणाला, तुम्हाला सिनेमाची भाषा कळत नाही. ते म्हणाले, मराठीत होता, सगळी कळली. दोघांचं हे रोज संध्याकाळी चालायचं, आणि ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता ते जास्त हिरीरीने बाजू घ्यायचे.

मला कुणी विचारलं नाही, पण माझंही मत होतं. पहिल्या अर्ध्या भागात मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि दुसऱ्या अर्ध्यात, निघताना गॅस बंद केला की नाही, ह्याचा विचार करत बसले. सिनेमा चांगला की वाईट ते मला आजही सांगता यायचं नाही.

गंमत इथवर होती. मग केशरबाईच्या मुलाने, हिरामणने, तो दुसरा पेपर मार्केटात नेला आणि ओळीला वाचून दाखवला. अडाणी, खेडूत, वाट चुकली, गोंधळली, प्रेक्षक हसले. एकेक शब्द. केशरबाईने ऐकून घेतलं आणि सगळ्यांदेखत गोजराबाईला म्हणाली, "जमीन घेतली तवा रडलो आपन. आता हसाया पन तूच दिलंस त्यांना." आणि तिची पाटी उचलून ओळीच्या पार टोकाला, कोळशाच्या वखारीपाशी नेऊन ठेवली. तिच्या जुन्या जागेवर गोणपाटसुद्धा अंथरलं नाही.

वखारीपाशी गिऱ्हाईक फिरकत नसे, पण मासळी खपत नव्हती हे दुःख धाकटं होतं. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. गोजराबाईसारखी बाई सकाळचे तीनचार तास तोंड मिटून बसणार म्हणजे काय, ह्याची कल्पना ज्याने तिला ऐकलंय त्यालाच यावी. ती आता उन्हं वर यायच्या आतच आमच्या दारात यायला लागली. भाव सांगायची आणि मी म्हणेन त्याला हो म्हणायची. एकदा मी मुद्दाम बोईटांवर बोट ठेवलं, तर तिने मुकाट्याने ती काढून दिली.

त्याच दिवशी ती उंबऱ्यात टेकली आणि म्हणाली, "वयनी, तू बगितलास ना तो शिनेमा? खरं सांग मना. लोकं मना बगून हसली?"

काय सांगणार? थेटरात त्या जागी अर्धे लोक हसले होते आणि अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हसणाऱ्यांत मीही होते. मी म्हटलं, "हसली, मावशी. पण वाईट नाही हसली."

"म्हंजे हसली," ती म्हणाली. मी विचारलं की मग तुम्ही तिथे वळलात कशाला, तर चिडून म्हणाली की वळायचं होतं म्हणून वळली, त्याचं आता काय लोणचं घालतेस? आणि पाटी उचलून निघून गेली.

संध्याकाळी जिन्यात दिलीप आणि श्यामसुंदर हेतुशून्य विहारावर पुन्हा जुंपले होते. मी हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आले. माझा आवाज बारीक नाही. मी म्हटलं, ज्या बाईच्या चालीवर तुम्ही महिनाभर चर्‍हाट वळताय, तिची जागा गेलीय तुमच्या त्या पेपरांपायी. गावात एकानेही तो सिनेमा पाहिलेला नाही, तिने स्वतः पाहिलेला नाही. तुमच्यात कुणाला लाज असेल तर मंडळ गणपतीत पडदा लावतं त्यावर तो एकदा तिला दाखवा. श्यामसुंदर म्हणाले, "वहिनी, गणपतीत लोकांना गाणी-फायटिंग लागते. ह्याने पब्लिक उठून जाईल, मंडळाला टेन्शन." मी म्हटलं, जाऊ दे उठून. ते जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवत म्हणाले की शनिवारी हा लावू, रविवारी माणसांचा लावू. माणूस मनाने वाईट नव्हता हो, फक्त त्याला शेपूट लागायचं.

ओळीला आमंत्रण करायला मी स्वतः गेले. केशरबाईने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. मग म्हणाली, "आमचीच थट्टा बगाया आमीच येऊ?" मी म्हटलं, थट्टा असली तर ज्याने केली तो बंडू तिथेच बसलेला असेल, धरा त्याला. हे तिला पटलेलं दिसलं. ती उठून उभी राहिली आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं बोलली: सिनेमात गावाला हसलेलं दिसलं तर गोजरा ह्या मार्केटात परत बसणार नाही, तिने दुसरा बाजार बघावा, आणि तसं नसलं तर केशरबाई आपल्या हाताने तिची पाटी जाग्यावर आणून ठेवील. वखारीपाशी गोजराबाई कोळंबीवरच्या माशा हाकत होती. तिने मान वर केली नाही, पण ऐकलं सगळं.

शनिवारी आरती आटोपल्यावर मंडपापुढच्या मैदानात पडदा लागला. पाऊस नव्हता. आमची मंडळी खुर्च्या आणि सतरंज्या घेऊन पुढे बसली. कोपरखैरण्याहून टेम्पो भरून आलेली मंडळी मात्र सरळ पडद्याच्या मागच्या बाजूला गेली आणि तिथे गोणपाटं अंथरून ऐसपैस बसली. गावच्या जत्रेत ते तसेच बसत. मागून सिनेमा दिसतो तसाच, वारा लागतो, विडी ओढता येते आणि पुढच्या शहाण्यांची डोकी आड येत नाहीत. मी पुढे चला म्हटलं, तर केशरबाई म्हणाली की आमाला हितंच बरं. गोजराबाई त्यांच्यातही नव्हती. ती बाजूला, पडद्याच्या बांबूला टेकून एकटी उभी होती.

सिनेमा सुरू झाला. पुढे हशा, मागे शांतता. मी दोन्हीकडे ये-जा करत होते. मागे मंडळी पुटपुटत होती की हे गाव कुठलं, हे आपलं नव्हं, पारसिकचा डोंगर ह्या हाताला कसा? बंडूने दुसरीकडेच कुठेतरी शूटिंग केलं आणि आपल्याला फसवलं, असा हिरामणने निकाल दिला. आणि मग गोजराबाई आली. भिंतीतून आत शिरली, मधोमध वळली. "कंची बेल?" म्हणाली. पुढच्या खुर्च्यांतून हशा उसळला, मोठा, पोट धरून हसतात तसा. मागच्या बाजूला तो पडद्यातून आल्यासारखा ऐकू आला.

केशरबाईने गोणपाट झटकलं. "बगितला," ती म्हणाली. "चला रे." माणसं उठायला लागली. मी बांबूकडे बघितलं. गोजराबाईने पदर तोंडावर घेतला होता.

तेवढ्यात पडद्यावर नायकाच्या टेम्पोचा पाठीमागचा भाग आला. त्याच्यावरचा नंबर हिरामणने वाचायला घेतला आणि अडखळला. आकडे उलटे होते. "आये," तो म्हणाला, "ह्ये समदं उलटं हाय. डोंगर नाय हलला, आपन मागं बसलोय." जत्रेतल्या सिनेमात देव, राक्षस आणि हिरॉइनी असतात, त्या उलट्या दिसल्या काय नि सुलट्या काय, कुणाच्या लक्षात येत नाही. पण आपलं शेत उलटं दिसलं तर ते ओळखू येत नाही. मी अर्धवट समजून, अर्धवट न समजून केशरबाईचा हात धरला आणि तिला ओढत पुढे आणलं. मागोमाग सगळं गाव आलं. पुढे गोंधळ माजला. मी प्रोजेक्टरवाल्याला म्हटलं की मशीन थांबव आणि ते रीळ पहिल्यापासून लाव. तो म्हणाला, असं नाही होत बाई. तेव्हा श्यामसुंदर खुर्चीवरून उठले. मला वाटलं आता हे सगळंच बंद करतात. ते प्रोजेक्टरवाल्याला म्हणाले, "बाई सांगतात तसं कर. अध्यक्ष मी आहे." आणि आपली खुर्ची केशरबाईकडे सरकवली. ती खुर्चीवर बसली नाही. पुढे जाऊन जमिनीवर गोणपाट अंथरून बसली.

रीळ पुन्हा सुरू झालं. ह्या वेळी डोंगर आपल्या जागी होता. पहिली कुणीतरी म्हातारी बोलली, ती बघ म्हसोबाची घुमटी. मग दुसरीने उघाडी ओळखली, जिथून खाडीचं पाणी शेताबाहेर सोडत. नायक हवेत खिळा ठोकत होता, पण गावातलं एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे त्याच्या मागे बघत होते. माझ्या कानावर नुसती नावं येत होती: ह्याचं खाचर, त्याचा खळा, अमकीचा आंबा. दोन वर्षांत तिथे मुरुमावर मुरूम पडून, झाडं तुटून, बिल्डिंगींचे खांब उभे राहिले होते. पडद्यावर ते काहीच नव्हतं. केशरबाई हळूच म्हणाली, "आमची भेंड." खोलीच्या मधोमध, खाटेच्या जरा मागे, एक वाकडं भेंडीचं झाड उभं होतं. मी थेटरात पाहिलं तेव्हा ते माझ्या नजरेतही आलं नव्हतं.

आणि पुन्हा गोजराबाई आली. पाटी डोक्यावर, तोच वेग. भेंडीच्या अलीकडे आली आणि वळली. झाडाच्या बाजूने सरळ गेली असती तर चार पावलांत पार झाली असती, पण ती वळली, झाडाला आणि खाटेला लांबचा वळसा घातला आणि मग गेली.

केशरबाई उभी राहिली. पडद्यावर तिची सावली पडली आणि मागून कुणीतरी "बसा बसा" म्हणालं. ती बसली नाही. वळून तिने आम्हा सगळ्यांना, पेपर वाचणाऱ्यांना आणि बंडूला आणि माझ्या नवऱ्याला, एकदमच सांगितलं:

"तितनं माजं शेत लागतं. मीच बोलली व्हती हिला, माज्या शेतान पाय टाकलास तर तंगरं मोडीन, पावसान ना उन्हालान. शेत गेलं. मुरूम टाकला वर. तरी नाय टाकला पाय तिनी."

कुणी हसलं नाही. बंडू बसल्या जागी मान खाली घालून बसला होता. दिलीप काहीतरी बोलायला गेला आणि मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलंही नाही. एवढी वर्षं जिला बांध कोरणाऱ्याची बायको म्हणून शिव्या घातल्या, ती गावातलं कुणी बघत नसताना, बांध उरला नसताना, त्या बांधावरून चालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाईने वखारीपाशी जाऊन पाटी आणली आणि आपल्या शेजारी ठेवली. ते मी भाजीच्या निमित्ताने मुद्दाम जाऊन पाहिलं. दोघींचं तासाभरातच निवट्यांच्या भावावरून वाजलं. समीक्षकांचं पुढे काय झालं म्हणाल, तर दिलीपने त्या पहिल्या समीक्षकाला सगळी हकीकत लिहून कळवली, आणि त्याने उलट लिहिलं की वास्तव काहीही असलं तरी कलाकृतीच्या दृष्टीने तो हेतुशून्य विहारच आहे. श्यामसुंदरांना सिनेमा शेवटपर्यंत आवडला नाही. तेवढं रीळ चांगलं आहे असं मात्र ते म्हणायचे.

पण त्या शनिवारी सिनेमा पुढे गेलाच नाही. केशरबाईने बांबूकडे बघून हाक मारली. गोजराबाई आली नाही, तेव्हा स्वतः गेली, तिला दंडाला धरून आणलं आणि गोणपाटावर सरकून आपल्याशेजारी बसवलं. मग प्रोजेक्टरवाल्याला म्हणाली की ह्ये चित्र हितंच थांबव, शेत नीट बगू दे. तो म्हणाला, थांबवलं तर दिव्याने फिल्म जळते, थांबत नाही. मग पुन्हा लाव, ती म्हणाली. त्याने श्यामसुंदरांकडे पाहिलं आणि पुन्हा लावलं. डोंगर आला, घुमटी आली, भेंड आली. पाटी घेऊन गोजराबाई भिंतीतून आत शिरली आणि झाडाच्या दिशेने तरातरा निघाली.

केशरबाई शेजारणीच्या गुडघ्यावर हात ठेवून पडद्याकडे बघत होती. "सरळ जा गो," ती पडद्यावरच्या गोजराबाईला म्हणाली. "जा सरळ. काय नाय बोलत मी."

पडद्यावरची गोजराबाई भेंडीपाशी आली आणि वळली.